जवाई पुढं, सासरे मागं

माझ्या सासऱ्यांनी अमडापूरच्या बाजारात एका उभ्या म्हशीला मोटरसायकल ठोकली. म्हशीला काही झालं नाही. तिनं मान वळवून पाहिलं आणि पुन्हा कडबा खायला लागली. मोटरसायकलचा हेडलाइट मात्र फुटला, सासऱ्यांचा गुडघा सोलला, आणि त्या दिवसापासून आमच्या घरात दुसरा विषयच राहिला नाही.

"म्हैस आडवी आली," सासरे फोनवर म्हणाले.

"बाबा, म्हैस बांधलेली होती," माझी बायको म्हणाली.

"बांधलेली होती, पन आडवी बांधलेली होती."

सासरे एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर. उभी हयात त्यांनी बस हाकली. त्यामुळं रस्त्यावर काहीही झालं तरी चूक समोरच्याची, हे त्यांच्या रक्तातच होतं. पुण्यात नोकरी करणाऱ्या माझ्या साळ्यानं ठरवून टाकलं की बाबांची गाडी बंद. बायकोनंही ठरवलं. आता चावी मागायची कोणी? मुलाचं ते ऐकत नाहीत, मुलीचं ऐकून घेतात आणि विसरतात. पण जावयाला नाही म्हणणं त्यांच्या पिढीला जमत नाही. झालं, ही धोंड माझ्या गळ्यात पडली.

"दाजी, तुम्ही फक्त चावी मागा," साळा म्हणाला. फक्त! स्वतः पुण्यात बसून फक्त म्हणायला काय जातं?

मी धाडहून अमडापूरला गेलो. चांगल्या कपात चहा आला. मी घसा खाकरला, तेवढ्यात सासरेच बोलले.

"जवाईबापू, तुम्ही चावी मागाले आले, हे मले ठाऊक आहे. देऊन टाकतो. पन माही एक इच्छा आहे."

इच्छा अशी होती. नोकरीची शेवटची वर्षं ते जळगाव जामोदकडच्या गाडीवर होते. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावापर्यंत बस जायची. तिथं एका निंबाच्या झाडाभोवती ते बस वळवायचे आणि माघारी यायचे. समोर डोंगर, डोंगरात शिरणारी वाट, आणि यांना रोज तिच्याकडं पाठ फिरवावी लागायची.

"त्या वाटेनं एक डाव वर जाऊन येऊ. तुम्ही सोबत चला, माही गाडी पाहा. वापस आल्यावर तुम्ही म्हनान तसं. तुम्ही म्हटलं बंद, तं बंद."

म्हणजे मी न्यायाधीश! धाडला माझं बी-बियाण्याचं दुकान आहे. दिवसभर खुर्चीत बसतो, आणि खुर्चीतून उठलो की स्कूटीवर बसतो. खराब रस्त्याचा माझा अनुभव म्हणजे आमच्या शाळेपुढचा गतिरोधक. पण ज्याला जज्ज व्हायचं आहे त्यानं स्कूटीवर कसं जावं? म्हणून मी शेजारच्या गॅरेजवाल्या भाईकडून त्याची डोंगरात चालवायची उंच गाडी मागून घेतली. भाई माझ्या पायांकडं बराच वेळ पाहत राहिला.

"तुमचे पाय तं लटकूनच राह्यले ना," तो म्हणाला. "एक काम करा. थांबूच नका. थांबले का पडले."

हा सल्ला मी धाडपासून खामगावपर्यंत पाळला. खामगावच्या प्रत्येक सिग्नलला मी फुटपाथला पाय टेकवून उभा राहायचो आणि मागून शिव्या खायचो. अमडापूरपासून सासरे माझ्या मागं होते. त्यांची गाडी जुनी, हलकी, आवाज एकसारखा. मी हातानं खूण केली की पुढं व्हा.

"छे छे," ते म्हणाले. "जवाई पुढं."

खरं सांगतो, मला बरं वाटलं. लाल विंडचीटर घालून मी पुढं, आणि जन्मभर बस चालवलेला माणूस अदबीनं मागं. कुठंही बाजूनं काढून घेतलं नाही, हॉर्न मारला नाही. नांदुऱ्याला चहा प्यायला थांबलो तेव्हाही मी उतरेपर्यंत ते उतरले नाहीत. मनात म्हटलं, संस्कार याला म्हणतात.

पायथ्याचं ते गाव आलं. निंबाचं झाड होतं. सासऱ्यांनी त्याला गाडीवरून प्रदक्षिणा घालायला घेतली, बस वळवायचे तशी, आणि अर्ध्यातच हँडल सरळ करून डोंगराच्या वाटेला लावलं. चेहऱ्यावर असा आनंद की मला हसू आलं आणि लाजही वाटली. आम्ही या माणसाची चावी काढायला निघालो होतो.

पुढं डांबर संपलं. मग मुरूम संपला. मग ज्याला वाट म्हणतात तीच संपत आली. सागाची पानं झडून गेली होती आणि त्यांचा थर इतका, की खाली खड्डा आहे का दगड आहे हे चाकाला कळल्यावरच मला कळायचं. मोबाइलला रेंज नाही. माणूस नाही, गुरं नाहीत. आपल्या जिल्ह्यात एवढी मोकळी जागा शिल्लक आहे, हे मला कोणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

एका ठिकाणी दोन वाटा फुटल्या. फाट्यावर दगडाला चुन्यानं काहीतरी खूण केलेली होती. सासरे थांबले.

"कोनीकून, जवाईबापू?"

आता, ते पायथ्याला वर्षानुवर्षं आलेले. त्यांना माहीत असणारच. माझा मान ठेवायला विचारतात, असं मला वाटलं. म्हणून मी म्हटलं, "तुम्ही म्हणाल तसं, मामा."

"नाही नाही, तुम्ही सांगा."

"मी कसा सांगणार? तुम्ही मोठे."

"मोठा असलो तरी जवाई तो जवाई."

हे बराच वेळ चाललं. तेवढ्यात माझ्या कानाशी एक गांधीलमाशी आली आणि मी तिला हातानं उजवीकडं हाकललं. सासरे "बरं" म्हणाले आणि हँडल उजवीकडं वळवून मी पुढं होईपर्यंत थांबले. मला वाटलं, त्यांनी ठरवलं. त्यांना वाटलं, मी ठरवलं. गांधीलमाशीनं ठरवलेल्या त्या वाटेनं आम्ही दोघं मोठ्या विश्वासानं जात राहिलो.

वाटेत जेवायला थांबलो. सासूबाईंनी दशम्या आणि तिळाची चटणी बांधून दिली होती. सासरे म्हणाले, "घ्या." मी म्हटलं, "तुम्ही घ्या." जावयानं तोंडात घास घातल्याशिवाय त्यांना खाता येईना, आणि मोठ्यांच्या आधी सुरुवात करायची मला लाज. शेवटी दोघांनी एकाच वेळी दशमी उचलली. पाण्याचं तेच. बाटलीत शेवटचं पाणी राहिलं ते मी त्यांना दिलं, त्यांनी मला दिलं, मी पुन्हा त्यांना दिलं, आणि त्या देवघेवीत ते सांडलं.

पुढं नाला आडवा आला. कोरडा, गोट्यांनी भरलेला. उतारावर मी पुढचा ब्रेक धरला. तो धरायचा नसतो. गाडी डाव्या अंगावर पडली आणि माझा पाय खाली.

सासरे धावत आले. "तुम्ही हात नोका लावू, जवाईबापू! मी उचलतो."

"अहो मामा, मी हात कुठं लावतोय? माझा पाय आहे खाली!"

"असू द्या, असू द्या. तुम्ही निवांत पडून राहा."

त्यांनी गाडीचं ते धूड उचलायला घेतलं. सासऱ्यांना काम करू देऊन आपण निवांत पडायचं? मी आडवा पडल्या पडल्याच जोर लावला. त्यांनी तिकडून, मी इकडून. गाडी उभी झाली, सरळ झाली, क्षणभर दोघांचंही समाधान झालं, आणि ती पलीकडच्या अंगावर, त्यांच्या बाजूला कलंडली. नशीब ते चपळ. मागं उडी मारून म्हणाले, "वा! जोर आहे तुमच्या अंगात!"

नाल्यापलीकडं चढण होती. सरळ आभाळाला लागलेली. मी अर्ध्यात अडकलो. क्लच दाबलेला, ब्रेक दाबलेला, पाय लटकलेले, आणि गाडी इंचाइंचानं मागं घसरत होती. मागं सासरे. मी ओरडलो, "मामा, काय करू?" आणि मागून असा आवाज आला, की डेपोतल्या पन्नास गाड्यांतून ऐकू गेला असता.

"अबे गधड्या, क्लच सोड! सोड म्हनतो तं माह्या तोंडाकडं काय पाहून राह्यला! समोर पाह्य! दे रेस, दे, दे, दे!"

मी घाबरून क्लच सोडला. गाडी उधळली आणि मला घेऊन माथ्यावर गेली. तिथं एका बोरीच्या झुडपानं मला थांबवलं. पाठोपाठ सासरे आले, तब्येतीत, गाडीवर उभं राहून, दगडातून वाट काढत. पाहतच राहावं असं. पण उतरले आणि त्यांचा चेहरा पडला. दोन्ही हात जोडून उभे.

"माफी असावी. जवायाले गधडा म्हटलं मी. तोंडातून गेलं."

"मामा," मी म्हटलं, "लग्नाला इतकी वर्षं झाली. आज पहिल्यांदा तुम्ही मला काहीतरी कामाचं बोललात."

ते हसले. मी हसलो. मग आम्ही दोघं त्या झुडपाशी बसून इतके हसलो की काटे टोचत होते तेही कळलं नाही. तेव्हाच गांधीलमाशीचा उलगडा झाला. त्यावर पुन्हा हसणं.

समोर डोंगर होते. डोंगरामागं डोंगर, त्यामागं आणखी डोंगर, शेवटचा तर आभाळात विरघळलेला. तिकडं मध्य प्रदेश असेल. एक तार नाही, एक टॉवर नाही. सासरे उठून उभे राहिले, कमरेवर हात ठेवून.

"सांग बरं, काय काय दिसते."

मला वाटलं, परीक्षा घेतात. मी सांगत गेलो. तीन-चार रांगा आहेत, मधल्या खोऱ्यात पळस फुललाय, खाली दोन झोपड्या आहेत, धूर निघतोय.

"धूर कोनीकडं?"

"हा काय, समोरच."

ते भलतीकडंच पाहत होते. मग त्यांनी कोंबडी पाहते तशी मान तिरकी केली. एकदा इकडं, एकदा तिकडं. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला.

"मामा, तुम्हाला दिसत नाही."

"दिसते ना. जवळचं चांगलं दिसते."

"आणि लांबचं?"

ते खाली बसले. "डाव्यानं तं दूध सांडल्यावानी दिसते सगळं. उजव्यानं धुरकट. पन तुझं लाल जाकीट चांगलं दिसत होतं. म्हनून तं मागं मागं होतो."

झाले संस्कार! रस्ताभर मी मानानं फुगलो होतो, आणि हा माणूस माझ्या विंडचीटरचा पदर धरून येत होता. फाट्यावर वाट विचारली, तीसुद्धा चुन्याची खूण दिसत नव्हती म्हणून. मला राग आला. असा राग आला की सासरे, वय, मान, सगळं विसरलो.

"अहो, म्हशीच्या जागी लेकरू असतं तर?"

"म्हनून तं त्या दिवसापासून बाजारात गाडी नेली नाही," ते हळू म्हणाले. "आज तू सोबत होता."

"मोतीबिंदू आहे हो हा. दाखवलं का कोणाला?"

"दाखवलं. काढून टाका म्हने."

"मग?"

त्यांनी एक खडा उचलला आणि तो हातातल्या हातात फिरवत राहिले. "अन् काढून नाही दिसलं तं? आज मले एवढं तरी ठाऊक आहे का काढलं तं दिसन. काढल्यावर थेही नाही राहनार."

डोळ्याची हमी मी कुठून देणार? मी भुईमुगाचं बी विकणारा माणूस.

"घरी सांगू नोको," ते म्हणाले. "चावी पाहिजे तं घे. चावी दिली तं लोक म्हनतीन, बुढ्यानं शौक सोडला. डोळ्याचं सांगितलं तं म्हनतीन, बुढा आंधळा झाला."

मी शब्द दिला. डोंगरमाथ्यावर डोकं हलकं झालेलं असतं, तिथं कोणी कोणाला शब्द देऊ नये.

खाली उतरताना मी पुढं, ते माझ्या पाठीला चिकटून. जळगाव जामोदला मुक्काम केला. सकाळी मी त्यांची गाडी एका भाजीच्या टेम्पोत चढवली आणि त्यांना माझ्या मागं बसवलं. कुरकुर केली, पण बसले. दुपारी अमडापूरला पोचलो तेव्हा दारात धाडहून आलेली बायको उभी. तिनं आधी बापाला वरून खालपर्यंत पाहिलं. ते टवटवीत. मग मला पाहिलं. कोपरं फुटलेली, गाल ओरबाडलेला, एक पाय ओढत.

"बाबा पडले का?"

"नाही," मी म्हटलं. "मी पडलो."

सासूबाईंनी पुरणपोळी केली होती, कढी, भजे. जावई डोंगरातून जिवंत आला होता. पाट मांडले. साळा पुण्याहून व्हिडिओ कॉलवर. त्याचा फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला होता, त्यामुळं त्याचं अर्धं तोंड आणि त्याच्या घरचा पंखा दिसत होता.

"बोला दाजी. कशी चालवतात बाबा?"

"माझ्यापेक्षा शंभर पट चांगली." हे अगदी खरं होतं.

"म्हणजे चावी नाही घ्यायची?"

सासऱ्यांनी खिशातून चावी काढली आणि माझ्या ताटाशेजारी ठेवली. सगळे माझ्याकडं पाहायला लागले. चावी घेतली तर विषय संपला. डोळा तसाच राहणार, दूध सांडत सांडत एक दिवस सगळं पांढरं होणार, आणि कोणाला पत्ता नाही. चावी परत दिली तर उद्या काय होईल, देव जाणे. आणि सांगावं तर शब्द दिलेला. सासऱ्यांची नजर माझ्यावर, मान पुन्हा तिरकी.

मी ताट पुढं सरकवलं.

"मी जेवत नाही."

"कढीत मीठ जास्त झालं का?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही, मामी. मी रुसलो."

घरात एकदम धांदल. मंडपात नवरदेव रुसावा आणि त्याच्या पुढं पुढं करावं, ही रीत सगळ्यांना माहीत. पण स्वतःचं पोरगं कॉलेजात गेल्यावर रुसलेला जावई अमडापुरात कोणी पाहिला नव्हता. सासूबाई पदरानं हात पुसत म्हणाल्या, "आंगठी पाहिजे का, बापू? लग्नात राहूनच गेली होती." साळा पंख्याखालून ओरडला, "दाजी, टीव्ही पाठवू का?" शेजारची बाई दारात येऊन उभी राहिली. बायकोनं माझ्याकडं असं पाहिलं, की धाडला गेल्यावर माझं काय होणार हे मला स्पष्ट दिसलं.

"काय पाहिजे ते तोंडानं सांगा," ती म्हणाली. "काऊन तमाशा लावला?"

"ज्यांना माहीत आहे, त्यांना माहीत आहे."

"जवाईबापू," सासरे दात खाऊन म्हणाले, "अन्नावर राग काढू नये."

"अन्नावर माझा राग नाही, मामा. तुम्ही रुसवा काढा, मी जेवतो."

भज्यांचा वास येत होता. सकाळपासून पोटात नुसता चहा. आणखी थोडा वेळ गेला असता तर मीच शरण गेलो असतो. पण जावयाला उपाशी उठवायचं म्हणजे त्या घराला जन्माचा डाग, आणि हे सासऱ्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. त्यांनी खाली मान घातली आणि पुटपुटले,

"मले दिसत नाही."

तेवढ्यात तांब्याशी टेकलेला फोन म्हणाला, "हॅलो? हॅलो? आवाज कट झाला. बाबा काय म्हणाले?"

"मले दिसत नाही रे!" सासरे ओरडले. "डोळ्यात मोतीबिंदू झाला! अन् मले ऑपरेशनचं भेव लागते!"

हे बहुतेक सगळ्या आळीनं ऐकलं. सासूबाईंनी वाढायची पळी खाली ठेवली. फोनमध्ये साळ्याचा पंखा तेवढा फिरत राहिला. मला वाटलं, आता बायको बापावर तुटून पडणार, घरात तिचीच जीभ सगळ्यात धारदार. पण ती उठली, त्यांच्या पाटाशेजारी फरशीवर जाऊन बसली आणि त्यांचा हात आपल्या हातात घेतला. ते दुसऱ्या हातानं डोळे पुसत होते.

"पुढच्या आठवड्यात बुलढाण्याला जाऊ," ती म्हणाली. "मी येतो संग. आत सोडलं तं आतही येतो."

मी ताट जवळ ओढलं आणि जेवायला लागलो. कोणाचं लक्ष नव्हतं.

"अन् चावी?" सासऱ्यांनी विचारलं.

तिनं माझ्या ताटाशेजारची चावी उचलली आणि ओढणीच्या टोकाला बांधली.

"डोळा बरा झाला का माह्याकडून घ्या. पन पहिल्या दिवशी मागं मी बसीन. पडलो तं दोघं पडू."